दोन नंबरचं भोक वाजत नाही, ताई

«ताई, नमस्कार. मी एसटीत कंडक्टर, वय 44, राहणार कुडाळ तालुका. भाच्याच्या मोबाइलवर ब्लूज हार्मोनिका ऐकली आणि ती डोक्यातून जाईना. चार महिन्यांपूर्वी दहा भोकांची सी पट्टीची हार्मोनिका मागवली. महिन्यातले दहा-बारा दिवस माझी वस्तीची गाडी असते. जेवण झालं की देवळामागे जाऊन तासभर वाजवतो. पण दोन नंबरचं भोक आत ओढलं की वाजतच नाही, नुसतं घुसमटतं. तीनचं पण तसंच. व्हिडिओत सगळे सूर वाकवतात, माझा एकही वाकत नाही. पाच मिनिटांत छाती भरून येते. ड्रायव्हर म्हणतो, 'ह्या काय रडता रे?' पीस खराब आला का? की या वयात हे व्हायचं नाही? माझे वडील भजनात पेटी वाजवायचे. पेटी घरात आहे, मला थोडीफार येते. अजून एक विचारायचं होतं. हे ब्लूज म्हणजे तिकडे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाचं संगीत, ते आपण वाजवणं बरं दिसतं का?»

भाऊ, नमस्कार.

तुमचा पीस बहुतेक ठणठणीत आहे. खात्री करायची तर आज एवढं करा. एक, दोन आणि तीन ही तिन्ही भोकं एकदम ओठांत घ्या आणि हळू श्वास आत घ्या. ओढू नका, झोपेत घेता तसा नुसता श्वास घ्या. तीन सुरांचा भरीव, गोल आवाज आला तर दोनची रीड, म्हणजे आत कंप पावणारी पितळी पाती, चांगली आहे आणि तीनचीही. मग बिघाड आहे तो जोराचा.

होतं काय, ते नीट सांगते, कारण चार महिन्यांचा तुमचा त्रास सगळा इथेच आहे. खालच्या सुरांच्या रीड लांब असतात, त्या जाग्या व्हायला क्षणभर घेतात. तुम्हाला वाटतं वाजत नाही, म्हणून तुम्ही जोरात ओढता. जोर आला की जबडा आवळतो, जीभ टाळूकडे चढते, घसा बारीक होतो. आणि तोंडाचा हाच आकार सूर खाली खेचणारा असतो. तुम्ही लिहिलंय, माझा एकही सूर वाकत नाही. अहो, दोन नंबरवर चार महिने तुम्ही सूर वाकवतच आहात! फक्त नकळत आणि अर्धवट, म्हणून तो धड वरचाही लागत नाही आणि धड खालचाही नाही. त्यालाच तुम्ही घुसमटणं म्हणताय.

यावरचा उपाय म्हणजे जांभई. ओठ हार्मोनिकेवर तसेच ठेवून आतून जांभई आल्यासारखं करा. जीभ खाली सपाट, खालचे दात सैल, घसा उघडा. वाद्य ओठांच्या टोकावर धरू नका, चांगलं आत घ्या, ओठांची आतली ओली बाजू त्याला लागली पाहिजे. आता पुन्हा एक-दोन-तीन एकदम आत. आवाज चालू असतानाच ओठांचा चंबू हळूहळू लहान करत या, आधी एक सुटेल, मग तीन सुटेल, मधला दोन उरेल. वाटेत पुन्हा घुसमटलं तर जोर लावू नका, उलट श्वास आणखी हळू करा. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच.

तो सूर बरोबर लागला की नाही हे ठरवायला व्हिडिओ नको, घरात पेटी आहे ना. सी पट्टीच्या हार्मोनिकेवर दोन नंबर आत घेतलं की पांढरी पाच लागते, म्हणजे पेटीवर सीपासून मोजलेली पाचवी पांढरी पट्टी. आणि गंमत म्हणजे तीन नंबर बाहेर फुंकलं तरी तीच पांढरी पाच. एकच सूर दोन ठिकाणी. तीन बाहेर फुंकून सूर कानात भरून घ्या, मग दोन आत. दोन्ही हुबेहूब एक वाटले पाहिजेत. दोनचा सूर जरासा पडलेला वाटला तर जीभ अजून वर आहे, पुन्हा जांभई.

दोन नंबरचा एवढा आग्रह का धरतेय ते पेटीवाल्याच्या मुलाला सांगायला मला आवडेल. तुमची हार्मोनिका जर्मन पद्धतीची आहे. ट्रॉसिंगेन गावच्या मथियास होनर नावाच्या घड्याळजीनं 1857 साली हार्मोनिका बनवायला सुरुवात केली, आणि अशी वाद्यं तिकडच्या साध्या लोकगीतांसाठी होती. फुंकलं की पांढरी एकचा सा, ग, प मिळतो, म्हणजे सी पट्टीची हार्मोनिका पांढरी एकमध्ये वाजवायची, असा तिचा सरळ हिशोब. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी तो हिशोब उलटा केला. त्यांनी सा धरला दोन नंबर आत, पांढरी पाच. बाहेर फुंकण्यापेक्षा आत घेतलेल्या सुरांवर घर केलं, कारण आतले सूर वाकतात, रडतात, हसतात, बोलतात. ब्लूज वाजवणारे बहुतेक सगळे असेच वाजवतात, याला क्रॉस हार्प म्हणतात. म्हणून दोन नंबर तुमचा षड्ज आहे. सा लागत नसताना बाकीचं काहीही शिकवलं तरी ते फुकट जाईल.

पांढरी पाचचा सा धरून तुमच्या हार्मोनिकेवर काय काय आहे ते पेटीवर बोटं ठेवत बघा. दोन आत सा. तीन आत शुद्ध ग. चार बाहेर म, चार आत प. पाच बाहेर शुद्ध ध, पाच आत कोमल नी. सहा बाहेर वरचा सा. खाली एक आत मंद्रातला प. आता ब्लूजचे सूर ऐका: सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी, सा. यातले कोमल ग आणि तीव्र म तुमच्या यादीत नाहीत. ते वाद्यात ठेवलेलेच नाहीत, ते तोंडातून काढायचे असतात. त्यालाच बेंड म्हणायचं. तीन आत जरा वाकवला की कोमल ग, चार आत वाकवला की तीव्र म.

वाकतं कसं? प्रत्येक भोकात दोन रीड असतात, एक फुंकण्याची, एक ओढण्याची. खालच्या सहा भोकांत ओढण्याची रीड वरच्या सुराची असते आणि फुंकण्याची खालच्या. श्वास आत घेताना जिभेनं तोंडातली पोकळी बदलली की ओढण्याची रीड दबते, फुंकण्याची कंप पावू लागते आणि सूर त्या दोघींच्या मधे उतरतो. मधे जेवढ्या पट्ट्या मोकळ्या, तेवढंच वाकणार. चारमध्ये पांढरी दोन आणि पांढरी एक, मधे एकच काळी एक, म्हणून एकच बेंड. दोनमध्ये पांढरी पाच आणि पांढरी तीन, मधे दोन. तीनमध्ये पांढरी सात आणि पांढरी पाच, मधे तब्बल तीन. पाचमध्ये पांढरी चार आणि पांढरी तीन शेजारी-शेजारी, मधे काहीच नाही, म्हणून पाच नंबर वाकत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाच नंबर वाकावा म्हणून दोन महिने जिवाच्या आकांतानं ओढत राहिले आणि शेवटी त्यातली रीड मोडली. तुमची मोडू नये म्हणून एवढं लांबण लावलं.

पहिला बेंड चार नंबरवर शोधा, पण महिन्याभरानं, दोन आणि तीन मोकळे बोलायला लागल्यावर. हार्मोनिका बाजूला ठेवून आधी आत श्वास घेत शीळ घाला. उंच सुरात सुरू करून खाली या. जीभ काय करते ते बघा, ती मागे सरकते, 'ई' म्हणता म्हणता 'ऊ' म्हटल्यासारखी. तेच चार नंबरवर करायचं. जोर आधीच्या इतकाच, बदलते ती फक्त जीभ. सूर एकदम नाही उतरत. आधी आवाज पातळ होतो, मग बंद पडल्यासारखा होतो, आणि एखाद्या संध्याकाळी अचानक खाली सरकतो. मी शिकले ती चाळिशी उलटल्यावर, रत्नागिरीला मांडवीच्या धक्क्यावर रोज संध्याकाळी बसून. मला सात आठवडे लागले. सूर उतरला तेव्हा शेजारी गरी टाकून बसलेले एक आजोबा वळून बघायला लागले. तुमच्या वयाचा प्रश्न मी यापेक्षा जास्त मनावर घेणार नाही.

आणि तीन नंबरचा कोमल ग पेटीच्या कोमल गवर नेमका बसवायचा हट्ट करू नका. ब्लूजमधला ग कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी असतो, थोडा वर सरकणारा, थोडा थरथरणारा. पेटीत तो नाही. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, येत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीवर बंदी घातली तेव्हाही हे एक कारण होतं, आणि ती बंदी जवळपास तीस वर्षं टिकली. हार्मोनिका नात्यानं पेटीचीच, दोघींच्या पोटात पितळी रीड, दोघी हवेवर बोलतात. पण पेटीची हवा भात्यातून येते आणि हिची तुमच्या तोंडातून. वडिलांच्या पेटीला जे करता येत नव्हतं, ते तुमच्या खिशातल्या या छोट्या वाद्याला येतं.

आता छाती भरून येण्याचं. क्रॉस हार्पमध्ये श्वास आतच जास्त जातो, तुम्ही बाहेर सोडायला विसरता आणि फुप्फुसं काठोकाठ भरतात. दम लागत नाही, उलट हवा जास्त होते. श्वास पोटातून घ्या, छाती वर उचलू नका, आणि ओळ संपली की नाकानं हवा सोडून द्या. तेवढी विश्रांती ओळीतच धरलेली असते.

यासाठी सगळ्यात चांगला रियाज म्हणजे आगगाडी. जुने हार्मोनिकावाले गाडीच्या चालीवर हात बसवत. वाफेचं इंजिन कोकण रेल्वेच्या नशिबी नव्हतंच, 1998 साली पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा गाड्या डिझेलवर धावत होत्या. पण छुकछुक आपल्या कानात लहानपणापासून आहे. एक-दोन-तीन एकदम धरा: आत, आत, बाहेर, बाहेर. आत, आत, बाहेर, बाहेर. आंबोलीचा घाट चढणाऱ्या तुमच्या गाडीसारखी संथ सुरुवात करा. डबल बेल दिल्यावर गाडी कशी आधी रेंगाळते आणि मग वेग घेते, तसं. वेग वाढला की श्वास छोटे होतात आणि आत-बाहेरचा हिशोब आपोआप बरोबर राहतो. पाच मिनिटं न थांबता जमलं की छातीची तक्रार संपली. सनी टेरी नावाचे एक वादक होते, 1911 ते 1986. कुमारवयातच अपघातांत डोळे गेले, पण हार्मोनिकेवर गाडी अशी पळवत की डबे मोजता यावेत, मधेच स्वतः आरोळी देत. ते ऐकाच. वस्तीच्या गावात रात्री हेच वाजवलंत तर ड्रायव्हरसाहेबांची तक्रारही कमी होईल, गाडीचा ताल कुणालाही कळतो.

ताल म्हटला की बारा मात्रांचा गोंधळ होतो, म्हणून सांगते: ब्लूजचे बारा म्हणजे बारा मात्रा नव्हेत, चार-चार मात्रांचे बारा खंड. पहिले चार खंड सा, मग दोन म, पुन्हा दोन सा, मग एक प, एक म, आणि शेवटचे दोन सा. पेटीवर हे तीन स्वरमेळ धरून कुणी साथ करायला असेल तर सोन्याहून पिवळं. चाल मात्र सरळ चालत नाही. प्रत्येक मात्रेचे तीन भाग पाडा आणि पहिला नि तिसरा वाजवा, लांब-आखूड, लांब-आखूड. झुलल्यासारखं व्हायला हवं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. तो तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली 1865 साली. संपली म्हणजे कागदावर. कापसाच्या शेतांवर तीच माणसं, तेच मालक, कर्ज आणि मार. त्यानंतरच्या काही दशकांत मिसिसिपीच्या आसपास हे गाणं घडलं, आणि ती माणसं पोटासाठी उत्तरेकडे गेली तेव्हा त्यांच्याबरोबर शिकागोला गेलं. हार्मोनिका त्यांच्या हातात आली कारण ती स्वस्त होती आणि खिशात मावत होती. दुःख त्यात आहेच. पण रात्री नाचायला लावणारी गाणी त्यात आहेत, प्रेमाचे रुसवे आहेत, मालकाची टवाळी आहे, गाडी पकडून पळून जाणं आहे. रडकं तोंड करून ब्लूज वाजवणं हा त्या लोकांवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याची बांधणी तुम्हाला परकी नाही. गायक एक ओळ म्हणतो. तीच ओळ पुन्हा म्हणतो. तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतो. प्रत्येक ओळीच्या चार खंडांपैकी निम्म्याहून थोडे अधिक गाण्यात जातात आणि उरलेली जागा रिकामी असते, वाद्यासाठी. हार्मोनिका तिथे बोलते, गायकाला जबाब देते. तुमचं बालपण भजनात गेलंय. बुवांनी ओळ टाकायची आणि कोरसनं झेलायची, डबलबारीत एका बुवांच्या गजराला समोरच्यानं उत्तर द्यायचं, हे तुमच्या कानांना शिकवावं लागणार नाही. ती रिकामी जागा ओळखायची सवय घेऊन तुम्ही आला आहात, आणि नवशिक्याला सर्वांत उशिरा येते ती हीच गोष्ट. बहुतेक जण सगळी जागा भरून टाकतात.

म्हणून बरं दिसतं का याचं उत्तर असं: आधी ऐका, आणि कुणाचं ऐकतोय ते माहीत असू द्या. लिटल वॉल्टर ऐका. लुइझियानात 1930 साली जन्म, शिकागोत नाव झालं, माइक आणि हार्मोनिका एकाच ओंजळीत धरून अँप्लिफायरमधून असा आवाज काढला की सॅक्सोफोन वाटावा, आणि 37व्या वर्षी, 1968 साली गेले. राइस मिलर ऐका, जे सनी बॉय विल्यमसन या नावानं वाजवत. किती कमी सुरांत माणूस किती बोलू शकतो हे त्यांच्याकडून कळतं. एकच ओळ निवडा आणि वाजवण्याआधी ती पंधरा दिवस नुसती ऐका, तिकिटं देताना, परतीच्या फेरीत, तोंडानं गुणगुणता येईपर्यंत. ज्यांच्याकडून घेतोय त्यांची नावं घेऊन, त्यांचं मन लावून ऐकून वाजवलंत तर त्यात वाईट दिसण्यासारखं काही नाही.

जाता जाता आपल्या हवेचं. तुमच्या हार्मोनिकेचा मधला सांगाडा, ज्याला इंग्रजीत कोम (comb) म्हणतात, तो लाकडी आहे की प्लॅस्टिकचा ते बघा. माझी पहिली हार्मोनिका लाकडी होती. आषाढात लाकूड फुगलं, भोकांमधल्या भिंती बाहेर आल्या आणि ओठ सोलून निघाले. लाकडी असेल तर पावसाळ्यात तिला जपा, आणि पुढची घ्याल तेव्हा प्लॅस्टिकची घ्या. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आपटा, लाळ झटकली जाते. मग उघड्यावर तासभर सुकू द्या, ओली असताना डबीत बंद करू नका, खाऱ्या दमट हवेत स्क्रू गंजतात. तेल अजिबात घालू नका. वाजवण्याआधी चूळ भरा. सुपारी किंवा तंबाखू खात असाल तर त्याचा एक कणही रीडखाली अडकला की ते भोक बंद. वाजवण्यापूर्वी दोन मिनिटं मुठीत धरून ऊब दिली तर ती लवकर बोलते.

येत्या रजेच्या दिवशी वडिलांची पेटी उघडा. घरातल्या कुणाला तरी भाता मारायला बसवा आणि पांढरी पाच दाबून धरायला सांगा, नुसती ती एकच पट्टी. तुम्ही समोर बसा, जबडा सैल सोडा आणि दोन नंबर आत घ्या, अगदी हळू. सुरुवातीला दोन सूर वेगळे ऐकू येतील, त्यांच्यात हेलकावे जाणवतील. जीभ खाली, घसा उघडा. हेलकावे मंद होत थांबले आणि पेटी कुठली, हार्मोनिका कुठली हे कळेनासं झालं, की मला लिहा. तीन नंबरचं पुढचं तेव्हा सांगते.

तुमची,
ताई